खिडकीत न ठेवलेली डबी

सात वर्षांपूर्वी, मार्च महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास मी एका बाईच्या थुंकीचा नमुना पुलावरून ओढ्यात फेकून दिला. हा मजकूर लिहीपर्यंत ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नव्हती. बायकोला नाही, संपादकांना नाही, ज्या डॉक्टरांना मी पुढे याच विषयावर दोनदा प्रश्न विचारले त्यांनाही नाही.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच नाही. फेकणं हा पहिला भाग. दुसरा भाग छापून आलेला आहे — पान तीन, चार कॉलम. शोधला तर सापडेल. तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

मी बुलडाणा जिल्ह्यात एका दैनिकाचा प्रतिनिधी आहे. घर मेहकरला. मोटारसायकलवर फिरायचं, संध्याकाळी बातम्या पाठवायच्या, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. ज्या गावात हे घडलं त्याचं आणि रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही आहे म्हणून नव्हे — त्यांच्याकडे काहीच नाही.

त्या महिन्यात मी क्षयरोगावर एक मालिका लिहीत होतो. दोन भाग आले होते. दुसऱ्या भागात एक चौकट होती — गैरसमज आणि वस्तुस्थिती. त्यातलं एक वाक्य असं होतं : रुग्णाच्या भांड्याला, कपड्याला किंवा झाकण बंद असलेल्या नमुन्याच्या डबीला हात लावल्याने क्षयरोग होत नाही. हे वाक्य मी लिहिलं होतं. जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेतलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

तिसऱ्या भागासाठी मी त्या गावात गेलो. गावच्या आशा कार्यकर्त्या शोभाताई. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, पायात रबरी चपला, खांद्याला सरकारी बॅग. दोन तास त्यांनी मला गाव दाखवलं. कोण खोकतो, किती दिवसांपासून, कोणाचं वजन उतरलं — सगळं तोंडपाठ. एका घराच्या ओसरीवर सुनीता भेटली. सत्तावीस वर्षांची, शेतमजूर, नवऱ्याबरोबर टोळीत कामाला जाणारी. तीन महिन्यांपासून खोकला. मांडीवर दोन वर्षांची मुलगी. तिचा सकाळचा नमुना शोभाताईंनी नुकताच घेतला होता.

आता तुम्हाला एक पद्धत सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हे कळणार नाही. त्या गावातून प्रयोगशाळा बावीस किलोमीटर. नमुने न्यायला माणूस नेमलेला होता, पण तो तीन आरोग्य केंद्रं सांभाळायचा आणि त्या भागात महिन्यातून एकदा यायचा. म्हणून शोभाताई गावातून तालुक्याला जो कोणी निघेल त्याच्या हाती डबा द्यायच्या. शाळेचे गुरुजी, दूधवाला, एसटीचा कंडक्टर. रुग्णालयात प्रयोगशाळेला बाहेरच्या बाजूने एक खिडकी होती, खिडकीत एक ट्रे. आणणाऱ्याने डबा ट्रेमध्ये ठेवायचा आणि निघून जायचं. सही नाही, पावती नाही. अनेक वर्षं हे असंच चाललं होतं आणि — हे नोंदवायला हवं — शोभाताईंच्या हिशेबाने तोवर एकही नमुना हरवला नव्हता. दूधवाल्याने हरवला नव्हता. कंडक्टरने हरवला नव्हता.

औषध मोफत आहे, तपासणी मोफत आहे, असं मी दोन्ही भागांत लिहिलं होतं. ते खरंच होतं. पण मधले बावीस किलोमीटर? ते कोणत्याही योजनेत नव्हते. त्या दिवशी ते माझ्याकडे आले.

“तुमी तालुक्यालेच जाऊन राह्यले ना, दादा?” शोभाताईंनी विचारलं. “मंग एवढा डबा घिऊन जा. खिडकीत ठेवून देजा. खोकं मी गुरुवारी परत आनीन.”

माझा हात पुढे व्हायला क्षणभर उशीर झाला असणार, कारण त्या हसल्या.

“काऊन, भेता का? झाकन टाईट हाय. पेपरात तुमीच लिवलं ना तसं!”

ओसरीवरची सुनीताही हसली. हसताना तिला खोकला आला आणि तिने तोंडावर पदर घेतला, बाजूला मान वळवली. शोभाताईंनी शिकवलेलं होतं ते.

मी डबा घेतला. थर्माकोलचं छोटं खोकं, आत बर्फाची पिशवी, प्लास्टिकच्या पिशवीत झाकणाची डबी, डबीवर नाव आणि वय. हँडलला अडकवला. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला खोकं माझ्या गुडघ्यावर आपटत होतं. मला वाटलं, ओलं लागलं. थांबून पाहिलं. कोरडं होतं. पुढे पुन्हा वाटलं. पुन्हा थांबलो. घरी माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तिसऱ्यांदा थांबलो तो पुलावर.

कोणी पाहत नव्हतं. खाली ओढा कोरडा, बेशरमाची झुडपं. मी खोकं सोडून दिलं. मग बाटलीतल्या पाण्याने हात धुतले.

एवढी वर्षं मी या क्षणाला काय म्हणावं ते शोधतो आहे. घाबरलो — म्हणावं, तर जे खोटं आहे हे मी स्वतः छापलं होतं त्याला घाबरलो. घाण वाटली — हे जास्त खरं आहे. त्या बाईची मला घाण वाटली. तिच्याच ओसरीवर मी चहा प्यालो होतो. तो पितानासुद्धा कप कडेने धरला होता, हे मला पुलावर आठवलं.

संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला.

“डबा देल्ला ना, दादा?”

“हो, ठेवला खिडकीत.”

हे दोन सेकंदांचं काम होतं. तेव्हाच ‘पडला, सांडला, दुसरा घ्या’ असं काहीही म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवा नमुना निघाला असता. हे खोटंसुद्धा चाललं असतं. मी तेवढंही बरं खोटं बोललो नाही.

पुढे जे झालं ते मी नंतर, तुकड्यातुकड्याने, दोघींकडून ऐकलं. अहवाल आठवडाभर आला नाही. गहू-हरभऱ्याच्या कापणीची टोळी दुसऱ्या तालुक्यात निघाली होती. सुनीताने अहवालासाठी मुकादमाला थांबवलं होतं, मग ती निघाली. का निघाली, हे तिने मला पुढे सांगितलं. “काई निंगालं असतं तर कळवलं असतं ना त्याईनं? कळवलं नाई म्हंजे काई नाई, असं वाटलं मले.” पोरीला पाठीशी बांधून ती गेली. उन्हात कापणी, रात्री शेतातल्या झोपडीत नवरा, ती आणि मुलगी एका गोधडीवर.

दहाव्या दिवशी शोभाताई स्वतः रुग्णालयात गेल्या. प्रयोगशाळेत इंगळे नावाचे तंत्रज्ञ होते. कंत्राटी कर्मचारी, चाळिशीतले. त्यांनी नोंदवही पाहिली. नमुना आलेलाच नव्हता. शोभाताई म्हणाल्या, असं कसं, पेपरवाल्या दादांच्या हाती दिला होता. आणि तिथूनच त्यांनी मला फोन लावला, स्पीकरवर.

“दादा, हे सर म्हनून राह्यले डबा आलाच नाई. आता तुमीच सांगा यायले!”

त्यांच्या आवाजात राग होता — इंगळेंवरचा. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

मी म्हणालो, “मी सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवला. बाजूला आणखी दोन डबे होते.”

वेळ सांगितली, बाजूची वस्तू सांगितली की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. हे मला माझ्या कामाने शिकवलं आहे. पलीकडून इंगळेंचा आवाज आला. “साहेब म्हनतात त अशीन. पाहातो मी.”

आता दुसरा भाग.

मला भीती वाटली, की हे प्रकरण चौकशीपर्यंत जाईल. चौकशीत पहिला प्रश्न मला येईल. मग मी काय केलं? प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी जाऊन बसलो. त्याच संध्याकाळी मी बातमी लिहिली. मथळा — ‘क्षयरुग्णाचा नमुना गहाळ, प्रयोगशाळेचा भोंगळ कारभार’. बातमीत लिहिलं, की एका जागरूक नागरिकाने सदर नमुना वेळेत रुग्णालयात पोहोचवला होता.

जागरूक नागरिक. हे दोन शब्द मी लिहिले. स्वतःबद्दल.

तीन दिवसांत इंगळेंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी दिलेल्या उत्तराची प्रत मी पाठपुराव्यासाठी मागून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे. दोन वाक्यं आहेत. ‘सदर नमुना माझ्यापर्यंत पोहोचला नाही. तथापि खिडकीजवळ आवक नोंदवही ठेवलेली नव्हती, ही माझी चूक आहे.’ मी ते उत्तर कितीदा वाचलं असेल? त्यांनी आपली जेवढी चूक होती तेवढीच मान्य केली — एक इंच कमी नाही, एक इंच जास्त नाही. स्वतःविरुद्धच्या कागदावर एवढं अचूक लिहिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या कचेरीत तर नाहीच.

टोळी परतली तेविसाव्या दिवशी सकाळी. शोभाताई गावाच्या फाट्यावर उभ्या होत्या. सुनीताला त्यांनी घरीसुद्धा जाऊ दिलं नाही. गाडीतून उतरवलं, नमुना घेतला, आणि तो डबा स्वतः मांडीवर धरून एसटीने तालुक्याला आल्या. मी त्या दिवशी योगायोगाने रुग्णालयात होतो. योगायोग म्हणजे संपादकांनी पाठपुरावा मागितला होता.

इंगळेंनी मला खुर्ची दिली. चहा मागवला. मला अपेक्षा होती ती आवाज चढण्याची. मी वहीत त्यासाठी जागा सोडली होती.

“तुमचं बरोबर हाय, साहेब,” ते म्हणाले. “तुमी ठेवला, मले भेटला नाई. मंग गेला कुठी? मी तीन दिवस पाहून राह्यलो.” त्यांनी ट्रे पाहिला होता, कपाटाखाली पाहिलं होतं, टाकाऊ नमुन्यांच्या पिशव्या हातमोजे घालून एकेक उघडल्या होत्या. मागच्या खड्ड्यापर्यंत जाऊन आले होते. माझ्या एका वाक्यामुळे त्या माणसाने दुसऱ्यांच्या थुंकीच्या सव्वाशे डब्या हाताळल्या होत्या. त्यांना दोन मुलं होती. भिंतीवर फोटो होता.

सुनीताच्या नमुन्याची काच रंगवून तयार होती. ते सूक्ष्मदर्शकाशी बसले. थोड्या वेळाने सरकले आणि मला म्हणाले, “पाहा.”

मी पाहिलं. आधी नुसता निळा धूर. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून हात आणून एक चक्र किंचित फिरवलं आणि ते दिसलं — निळ्यावर लाल काड्या. बारीक, किंचित वाकलेल्या, कुठे एकेकट्या, कुठे जुडीने. हलत नव्हत्या. किती स्वच्छ आणि किती लहान होत्या त्या. एवढंच? पंधरा किलो वजन उतरवणारं, कापणीच्या शेतात बाईला खाली बसवणारं, ते हे? आणि हेच त्या दिवशी माझ्या हँडलला लटकत होतं, झाकणाच्या आत, मला काही करू न शकणारं.

“हे सोपं हाय,” इंगळे म्हणाले. “जंतू असले त लवकर दिसते. नाई असले त बेजारी. ‘नाही’ लिवायचं असन त शंभर जागा पाहा लागते. नव्व्याण्णव कोऱ्या निंगाल्या तरी शंभरावी पाहायची. त्याशिवाय लिवायचं नाई.”

“रोज?” मी विचारलं.

“रोज. पंचवीस-तीस काचा. डोये जाते, दुसरं काय!” ते हसले.

मी हिशेब केला. एका ‘नाही’साठी शंभर जागा. दिवसाला हजारोंनी जागा, कोणी तपासायला नाही, कोणी पाहायला नाही. एखाद्या दिवशी सत्तरावर थांबले असते तर कोणाला कळलं असतं? आणि मी? मी त्यांच्याबद्दल ‘भोंगळ’ हा शब्द लिहिण्याआधी किती जागा पाहिल्या होत्या?

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. सांगण्यासाठी याहून सोयीची जागा मला पुन्हा मिळाली नाही. मी सूक्ष्मदर्शकाशी बसलेला त्यांचा एक फोटो काढला, आभार मानले आणि निघालो.

चोविसाव्या दिवशी सुनीताची पहिली गोळी झाली.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. इंगळेंनी दर गुरुवारी स्वतः त्या बाजूच्या गावांतून फिरायला सुरुवात केली, स्वतःच्या गाडीवर, ड्यूटी संपल्यावर. नमुना यापुढे तिसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. चार महिन्यांनी जिल्ह्याने त्या पट्ट्यासाठी नमुने आणणारा वेगळा माणूस नेमला. आमच्या अंकात त्याची बातमी आली. तिच्यावर ठरावीक पट्टी होती — ‘बातमीचा दणका’. तीही मीच लिहिली.

आणि सुनीता. मी तिच्याकडे सहा महिन्यांत नऊ वेळा गेलो. मालिकेसाठी, असं सांगून. मला काय पाहायचं होतं? ती मरत नाही ना, हे. रोज सकाळी उपाशीपोटी तीन गोळ्या. पहिला महिनाभर ती गोळ्या घेऊन ओकायची, शोभाताई समोर बसून राहायच्या, पोट शांत झालं की पुन्हा द्यायच्या. औषधाने लघवी लाल झाली तेव्हा सासूने रक्त पडतं म्हणून आरडाओरडा केला; शोभाताईंनी सगळ्या गल्लीला गोळा करून समजावलं. सुनीताचं वजन छत्तीस किलो होतं. आठवड्याला पाव किलो वाढायचं, कधी तेवढंही नाही. ती वजनकाट्यावर चढायची, खाली वाकून आकडा पाहायची आणि उतरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन गोळ्या. एकशे ऐंशी दिवस. एकही चुकला नाही — कार्ड मी पाहिलं आहे. मी स्वतः तापाच्या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स कधी पूर्ण केला होता?

“गोळ्या हायत का बैलाच्या!” ती एकदा म्हणाली. “माह्या नवऱ्यानं बारा वर्सात नाई सतावलं इतकं यायनं सतावलं.”

नवरा शेजारीच बसला होता. “मंग मले काढून टाक अन् त्याइले ठेव,” तो म्हणाला. तिघंही हसलो. मी हसलो.

मग तिने मला म्हटलं, “तुमी पेपरात देल्लं म्हून दवाखाना हालला, दादा. नाई त आमाले कोन पुसते?” आणि घरात जाऊन तिने माझ्यासाठी एका फडक्यात तुरीची डाळ बांधून आणली. त्या वर्षी तिच्या घरात जेवढी होती त्यातली. मी घेतली. आम्ही ती घरी खाल्ली.

चौथ्या महिन्यात मुलीच्या मानेला गाठ आली. तपासणीत क्षयरोग निघाला. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, एका वाचकाची शंका आहे म्हणून — आई तीन-चार आठवडे उशिरा औषधावर आली, तर बाळाला त्याच दिवसांत लागण झाली असं म्हणता येईल का? दोन्ही वेळा उत्तर एकच होतं. सांगता येत नाही. आधीच्या तीन महिन्यांतही झाली असेल. हे मी इथे लिहितो कारण ते उत्तर तसंच होतं. त्याचबरोबर हेही लिहायला हवं, की तेवीस दिवस त्या दोघी एका गोधडीवर झोपल्या, आणि ते तेवीस दिवस मी दिलेले होते.

इंगळे अजून त्याच प्रयोगशाळेत आहेत, अजून कंत्राटी. त्यांच्या उत्तरानंतर लेखी ताकीद देऊन प्रकरण बंद करण्यात आलं. ती ताकीद त्यांच्या फाइलमध्ये आहे. तिला जोडपत्र म्हणून माझ्या बातमीचं कात्रण आहे. शोभाताई कामावर आहेत. हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्याची एक प्रत रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणि एक माझ्या संपादकांना, सहीनिशी, टपालाने पाठवली आहे. दोन्ही पोहोचल्याच्या पावत्या आल्या आहेत. उत्तर आलेलं नाही.

सुनीता बरी झाली. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग कायमचा आखडलेला आहे. ओझं घेऊन चढ चढताना ती दोनदा थांबते. मुलीचा उपचार पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला पूर्ण झाला. ती आता चौथीत आहे. तिच्या मानेवर उजव्या बाजूला, कानाखाली, गाठ फुटल्याचा व्रण आहे. तो साधारण दीड इंच लांब आहे.